ओब्रा डिनचा पंचनामा: पहिल्यांदाच खेळणाऱ्यांसाठी

रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनमध्ये वादळी वारा सुटला की केळीच्या उभ्या बागा एका रात्रीत आडव्या होतात. मग पंचनामा करायला माणूस येतो. कोणी बागेत आत शिरतो, खोडं कुठल्या दिशेला पडली ते बघतो, घड कुठवर भरला होता ते हात लावून पाहतो. कोणी बांधावरच उभा राहून, मोटारसायकलसुद्धा बंद न करता कागद भरतो. आमच्या शेतात दोन्ही प्रकारचे येऊन गेलेत.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या कॉम्प्युटरवरच्या खेळात तुम्हाला हीच नोकरी मिळते. बागेच्या जागी जहाज, आणि घडांच्या जागी साठ माणसं. हा खेळ अर्ध्यात सोडून दिलेले जे जे मला भेटले, ते सगळे बांधावरून पंचनामा करणारे होते. म्हणून हा लेख. यात एकाही माणसाचं उत्तर सांगितलेलं नाही, फक्त कसं बघायचं ते आहे.

आधी गोष्ट काय ते थोडक्यात. १८०२ साली ओब्रा डिन नावाचं व्यापारी जहाज दोनशे टनांहून जास्त माल घेऊन लंडनहून पूर्वेकडे निघतं. सहा महिन्यांनी ते केप ऑफ गुड होपला पोचायला हवं होतं, पोचत नाही. बुडालं असं धरतात. आणि १४ ऑक्टोबर १८०७ च्या पहाटे तेच जहाज इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात तरंगत येतं. शिडं फाटलेली, वर जिवंत माणूस दिसत नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन ऑफिसचे विमा तपासनीस. जहाजावर चढायचं आणि प्रत्येकाचं काय झालं ते लिहून आणायचं. कोण, कसा मेला, कोणाच्या हातून, एवढे तीनच प्रश्न, पण साठ वेळा.

हा खेळ लुकास पोप या माणसाने जवळजवळ एकट्याने केला, संगीतसुद्धा त्याचंच. मूळचा अमेरिकन, राहतो जपानमध्ये. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो कॉम्प्युटरवर आला, वर्षभराने स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या खेळायच्या यंत्रांवर.

जहाज आणि त्यावरचे लोक कल्पनेतले आहेत, पण कंपनी काही कल्पनेतली नाही. खेळातल्या या काळात आपल्या खानदेशात होळकरांच्या फौजांची लूट आणि १८०२ ते ०४ चा दुष्काळ चालला होता. पुढे १८१८ च्या फेब्रुवारीत हीच कंपनी तापीकाठी थाळनेरला आली. किल्ल्याच्या दरवाजात झटापट झाली, कंपनीचे अधिकारी पडले, मग आतली शिबंदी कापली गेली आणि सेनापती हिस्लॉपने किल्लेदाराला फासावर दिलं. दरवाजात नेमकं काय झालं, चूक कोणाची, यावर नंतर इंग्रजांमध्येच वाद झाला. कोण, कसा, कोणाच्या हातून. खेळताना मला थाळनेर दोनदा तरी आठवलं.

सामान

मोठं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. माझा लॅपटॉप जुना आहे, त्याच्यावर निवांत चालला. कारण चित्र फक्त दोन रंगांत आहे, काळा आणि पांढरा, मधल्या छटा सगळ्या ठिपक्यांच्या. जुन्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरसारखं दिसतं. पहिली पंधरा मिनिटं डोळ्यांना त्रास होतो हे खरं. सेटिंगमध्ये वेगवेगळ्या जुन्या मॉनिटरांचे रंग दिलेले आहेत, त्यातला सोसेल तो घ्या. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मान हळू फिरवा, म्हणजे माउस हळू फिरवा. भर दुपारी पंचेचाळीस डिग्रीत, कूलरसमोर बसून, पोटात भरीत-भाकरी असताना तर खेळूच नका. झोप येईल आणि झोपेत चुकीचं नाव लिहाल.

हेडफोन मात्र हवेतच. अर्धे पुरावे कानाचे आहेत.

आणि एक वही. खेळातच पुस्तक आहे, मग वही कशाला, असं माझी पुतणी म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी तीच दुकानातून दोनशे पानी वही घेऊन आली.

प्रेतं, रक्त, तुटलेले हातपाय हे सगळं यात आहे. रंग दोनच असले तरी कळायचं ते कळतं. लहान मुलांना शेजारी बसवू नका.

पहिला तास

जहाजावर चढल्यावर तुम्हाला दोन वस्तू मिळतात. एक घड्याळ, एक पुस्तक. घड्याळाचं नाव मेमेंटो मॉर्टेम. प्रेताजवळ किंवा हाडांजवळ गेलात की ते हातात येतं. उघडलं की आधी अंधार होतो आणि त्या माणसाच्या मरणाआधीचे शेवटचे काही क्षण फक्त ऐकू येतात. मग तो माणूस मेला तो क्षण डोळ्यांसमोर गोठून उभा राहतो. बंदुकीतून निघालेला धूर हवेत थांबलेला, तोंड उघडं, लाट अर्ध्यात. त्या गोठलेल्या क्षणात तुम्ही चालू शकता, पण कशाला हात लावता येत नाही.

पहिल्यांदा गेलात की थोड्या वेळाने खेळ तुम्हाला बाहेर ओढतो आणि पुस्तक उघडतो. नवा माणूस इथे चिडतो. चिडू नका, त्या क्षणात पुन्हा कितीही वेळा जाता येतं. म्हणून पहिल्या फेरीत काहीही लिहायचं नाही. फक्त फिरायचं. मेलेल्या माणसाकडे सगळेच बघतात. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे राहा आणि बाकीचे काय करताहेत ते बघा. कोण पळतोय, कोण पळत येतोय, कोणाला अजून काही कळलेलंच नाही, दाराआडून कोण डोकावतोय. भिंतीपलीकडे, जिन्याखाली, वरच्या डेकवर म्हणजे जहाजाच्या वरच्या मजल्यावर. जिथवर जाता येतं तिथवर जा.

त्या क्षणातच दुसरं प्रेत दिसलं तर त्याच्यावरही घड्याळ चालतं, आणि तुम्ही आणखी मागे जाता. त्यामुळे गोष्ट उलटी उलगडते. पहिलं प्रेत सापडतं तेच मुळी शेवटाजवळचं. पुस्तकात दहा प्रकरणं आहेत आणि ती तुमच्या हाती वेडीवाकडी पडतात. सुरुवातीला काहीच कळत नाही. तसंच असतं. अमळनेरचा माझा मित्र शेजारी बसून बघत होता, मी भराभर पानं उलटतोय हे पाहून म्हणाला, “कसाले घाई करस रे भो?” बरोबर होतं त्याचं. या खेळात वेळेची मर्यादा नाही.

माझा सल्ला असा की आधी सगळे क्षण एकदा पाहून घ्या, आणि वाटेत ज्याचं नाव कोणी स्पष्ट हाक मारून घेतलं तेवढंच लिहा. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो.

यादी आणि ग्रुप फोटो

पुस्तकात साठ जणांची यादी आहे. आकडा, नाव, हुद्दा, गाव. गाव म्हणजे देश: इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, डेन्मार्क, रशिया, चीन, फोर्मोसा म्हणजे आजचं तैवान, न्यू गिनी, आणि हो, हिंदुस्थानही. दुसरीकडे जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली रेखाचित्रं आहेत, त्यात साठही चेहरे आहेत. यादीतलं नाव आणि चित्रातला चेहरा यांची गाठ घालायची, एवढंच काम. पण कोणाच्याही कपाळावर नाव लिहिलेलं नाही.

ही रेखाचित्रं म्हणजे लग्नाचा ग्रुप फोटो समजा. आपल्याकडे असा फोटो हातात आला की घरातली बाई काय करते? वराकडचे कुठे, वधूकडचे कुठे, मामा कोणाला खेटून उभाय, कोण मुद्दाम लांब उभाय. नाव माहीत नसलं तरी ‘हे मांडळकडचे दिसतात’ एवढं ती सांगतेच. इथेही तेच. एका कामाचे लोक एकत्र बसतात, एका भाषेचे लोक एकत्र बसतात. चित्रकाराने उगाच कोणाला कोणाशेजारी बसवलेलं नाही.

खेळ तुम्हाला दोन मदती करतो आणि नवे लोक दोन्हीकडे दुर्लक्ष करतात. चेहरा धूसर दिसत असेल तर त्या माणसाला ओळखायला लागेल एवढं तुम्ही अजून पाहिलेलंच नाही, डोकं खपवू नका. चेहरा स्पष्ट झाला की ओळखता येण्यासारखा झाला. आणि चेहऱ्याजवळ त्रिकोण असतात, एक ते तीन. एक म्हणजे सोपा, तीन म्हणजे अवघड. एकवाले आधी घ्या.

तिसरी सोय म्हणजे खूण. एखाद्या चेहऱ्याला खूण लावली की तो ज्या ज्या क्षणात आहे ती पानं एकामागून एक बघता येतात. हा माणूस कोणाबरोबर वावरतो, कुठे झोपतो, कोणाचं ऐकतो हे असंच कळतं. माझे तरी निम्मे लोक या खुणेनेच सापडले.

हुद्दे

खेळ मराठीत नाही, हिंदीतही नाही. रोजचं इंग्रजी येणाऱ्यालाही अडचण येते ती जहाजावरच्या हुद्द्यांची, आणि आपण पडलो समुद्रापासून लांबचे. आमच्या पिढीने पाण्यावरची सगळ्यात मोठी वस्तू पाहिली ती तापीतली नाव. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

कप्तान सगळ्यांचा वरचा. त्याच्या खाली मेट, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मेट म्हणजे इथे मित्र नव्हे, अधिकारी. पण ‘सुताराचा मेट’, ‘गनरचा मेट’ असं लिहिलेलं असेल तर तो त्याचा हाताखालचा मदतनीस. या एका शब्दाने मला दीड तास फिरवलं. बोसन म्हणजे दोर, शिडं आणि खलाशांवर देखरेख करणारा, आपल्याकडचा सारंग म्हणा. गनर तोफांचा. सुतार, खाटीक, स्वयंपाकी कळतातच. पर्सर म्हणजे जहाजाचा हिशेबनीस, शिधा आणि पैसा त्याच्या ताब्यात. स्टुअर्ड म्हणजे अधिकाऱ्यांचा हुजऱ्या, आणि कोण कोणाचा हुजऱ्या हे यादीत लिहिलेलं असतं, ते दोनदा वाचा. मिडशिपमन म्हणजे पुढे अधिकारी होण्यासाठी शिकणारी पोरं, वयाने लहान. टॉपमन डोलकाठीवर चढून शिडं बांधणारा. सीमन म्हणजे साधा खलाशी, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी त्यांचीच, कारण ते बरेच आहेत आणि सगळे सारखेच दिसतात. म्हणजे पहिले दोन दिवस तरी.

हिंदुस्थानी नावं बघून आश्चर्य वाटून घेऊ नका. त्या काळी ब्रिटिश जहाजांवर आपल्याकडचे खलाशी मोठ्या संख्येने असायचे, त्यांना लास्कर म्हणत. त्यांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. कोकणात तांडेल हा शब्द अजून चालतो.

आता हुद्दा ओळखायचा कसा? भुसावळ जंक्शनवर एक तास बसा. काळा कोट दिसला की टीसी, पितळी बिल्ला आणि लाल शर्ट म्हणजे हमाल, हातात हिरवी-लाल झेंडी म्हणजे गार्ड, नारिंगी जाकीट आणि खांद्यावर हातोडा म्हणजे गँगमन. एकाचंही नाव माहीत नाही, तरी काम कळतं. माझे वडील रेल्वेत होते, ते नुसत्या चालण्यावरून लोको पायलट ओळखायचे. ओब्रा डिनवरही कोट, टोपी, हातातलं हत्यार, कंबरेचा पट्टा, झोपायची जागा यांवरून काम कळतं. वरच्या डेकवरचा वेश आणि अगदी खालच्या, माल ठेवायच्या डेकवरचा वेश वेगळा. मधल्या दोन डेकवर, म्हणजे तोफांच्या आणि त्याखालच्या, लोक राहतात, तिथे जास्त वेळ घालवा. कुठे आकडे लिहिलेले दिसले तर वहीत उतरवून घ्या. यादीतही आकडे आहेत. याहून जास्त बोलत नाही.

पायांकडे बघा हे मला आईने शिकवलं. तिने आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळलेला नाही. शेजारी ताट घेऊन ज्वारी निवडत होती, मधूनच वर बघत होती. मी आणि पुतणी एका माणसावर भांडत होतो. चेहरा दिसत नव्हता, अंधार होता. आई म्हणाली, “अरे, याचे बूट बघ ना. मघाशी त्या झोळीखालीबी हेच होते.” आम्ही दोघं गप्प. पुतणी म्हणाली, “काका, आजीलाच द्या ना माउस.”

कान

हा भाग लोक सोडतात, म्हणून वेगळा सांगतोय. धुळ्याकडचा माणूस आणि फैजपूरकडचा माणूस दोन वाक्यं बोलला की आपल्याला कळतो. एकाच्या बोलण्यात अहिराणी डोकावते, दुसऱ्याच्या बोलण्यात लेवा बोली. जळगावात कॉलेजात असताना वर्गातल्या कोणाचंही गाव आम्ही न विचारता सांगायचो. जहाजावरही आयरिश माणसाचं इंग्रजी वेगळं, स्कॉटिश माणसाचं वेगळं, आणि काही जण इंग्रजी बोलतच नाहीत. इंग्रजीतले हे ढंग आपल्या कानाला सवयीचे नाहीत हे मान्य. पण निदान ‘हा आणि हा एकसारखे बोलतात’ एवढं तरी ऐकू येतंच. तेवढं वहीत लिहा.

खाली अक्षरं उमटतात म्हणून नुसतं वाचू नका. आवाज कोणत्या बाजूने आला, बोलणारा धापा टाकतोय का, दुसरा कोणी खोकला का, दार आपटलं का. आणि कोण कोणाला कशी हाक मारतो ते सोन्यासारखं धरा. हाकेत कधी नाव असतं, कधी हुद्दा, कधी नुसतं नातं.

तीनचा नियम

तुम्ही नाव, मरण आणि मारणारा असं तिन्ही बरोबर भरलं तरी खेळ लगेच शाबासकी देत नाही. अशा तीन माणसांच्या नोंदी बरोबर झाल्या की तिन्ही एकदम पक्क्या होतात, छापल्यासारख्या. त्याआधी नाही. ही युक्ती अंदाजपंचे भरणाऱ्यांसाठी लावलेली आहे, पण तिच्यातही पळवाट आहे. दोन खात्रीचे भरले आणि तिसऱ्याच्या जागी एकेक नाव बदलत बसलं की कधीतरी लागतं. मी हे केलं. चार खलाशांच्या नोंदी अशाच ‘लागल्या’. पुढे जाऊन कळलं की त्यांना मी ओळखतच नाही, आणि ज्या माणसांपर्यंत त्यांच्या आधाराने पोचायचं होतं ते सगळे हातचे गेले. खेळ चोरी पकडत नाही. तुम्हीच पुढे अडता.

म्हणून वहीत तीन रकाने करा. ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘वाटतं’. तिसऱ्या रकान्यातलं काहीही खेळातल्या पुस्तकात जाऊ द्यायचं नाही, जोवर ते पहिल्या दोनपैकी एकात सरकत नाही. एक सूट: एका हुद्द्याचे चारच जण असतील आणि तीन पक्के झाले असतील, तर चौथा उरलेलाच. हा ‘वाटतं’ नाही, हा हिशेब आहे. शेवटचे बरेच जण असेच सापडतात.

मरणाचं कारण लिहिताना थांबून यादी वाचा. गोळी, सुरा, दंडुका, गळा आवळणं, चिरडणं, बुडणं, जळणं, विष, आजार असे बरेच पर्याय आहेत. जवळजवळच्या शब्दांत फार गुंतू नका, काही ठिकाणी एकापेक्षा जास्त उत्तरं चालतात. पण ‘समुद्रात पडला’ आणि ‘कोणी मारला’ यात फरक आहे. ‘जिवंत आहे’ हाही पर्याय यादीत आहे, तो विसरला जातो. आणि मारणाऱ्याच्या यादीत सगळी माणसंच आहेत असं नाही.

अडलात तर

अडणारच. साधारण पस्तीस-चाळीस झाले की गाडं रुततं. मोबाइल उचलायचा मोह होईल. मी एकदा उचलला, एका माणसाचं नाव शोधायला, आणि तिथल्या पहिल्याच ओळीत एका वेगळ्याच माणसाचा शेवट वाचला. ते काही परत विसरता येत नाही. हा खेळ आयुष्यात एकदाच खेळता येतो.

त्यापेक्षा दोन दिवस बंद ठेवा. किंवा दुसऱ्याला बोलवा आणि त्याला गोठलेला एक क्षण तोंडी सांगा, काहीही न गाळता. सांगताना आपणच अडखळतो, ‘हा इथे का उभाय?’ म्हणून. धुळ्यात इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या नावाने जे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, तिथली मोडी कागदपत्रं वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनीही मला हेच सांगितलं होतं. अक्षर लागत नसेल तर डोळे फाडून बघू नये, तेच अक्षर दुसऱ्या कागदात कुठे आलंय ते शोधावं. इथे चेहऱ्याचं तसंच करा.

आम्हाला तिघांना मिळून बारा-तेरा तास लागले, पण ते पंधरा दिवसांत पसरलेले. एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त नको.

शेवटी, तुम्हाला जहाजावर आणून सोडणारा बोटवाला निघण्याची घाई करेल. नावेत उतरलात की अहवाल आहे तसा जातो, आणि तुमच्या नोंदींवरून कोणाच्या घरी भरपाई जायची आणि कोणावर दंड बसायचा ते ठरतं. केळीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. त्यामुळे दोन-तीन चेहरे राहिले असतील तर वर परत जा, बोटवाला थांबतो.

संपल्यावर असंच आणखी काही हवं असेल तर ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’ घ्या. २०२२ चा, अठराव्या शतकातल्या खुनांचा. त्यात शब्द गोळा करून रिकाम्या जागा भरायच्या असतात, म्हणजे इंग्रजी थोडं जास्त लागतं, पण चालायची दगदग नाही. ‘एल. ए. न्वार’ १९४७ च्या लॉस एंजेलिसमधला, साक्षीदाराच्या तोंडाकडे बघून खरं-खोटं ओळखायचं. त्याला यंत्र जरा दमाचं हवं.

दोन्हींसाठी वही नवी घ्या. ओब्रा डिनची वही मात्र कपाटात ठेवा आणि खेळायचं बाकी असलेल्या कोणाला देऊ नका. आमची पुतणीच्या मैत्रिणीने मागून नेली, आणि आता तिला तो खेळ खेळण्यात काही राम उरलेला नाही.